आधी तुम्ही वाचा

मुलाचा आवाज कशाला हवाय, हे ढगे सरांना आधी कळलंच नाही.

"लहानपणचा हवाय, बाबा," ऋतुजा म्हणाली. "शाळेत होता तेव्हाचा. आहे का तुमच्याकडे?"

ऋतुजा त्यांची सून. तिचा नवरा सुमेध डेंग्यूने गेला, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून ती सोलापुरात एका औषधांच्या दुकानात काम करत होती, मुलीला एकटीने वाढवत होती आणि दर रविवारी न चुकता बार्शीला येत होती. नवरा गेल्यावर सासरचा उंबरा विसरणाऱ्या सुना सरांनी गावात पुष्कळ पाहिल्या होत्या आणि त्यांना भरपूर नावंही ठेवली होती. ऋतुजाला नाव ठेवायला जागा नव्हती. येताना ती शर्वीला घेऊन यायची. चार वर्षांची शर्वी ओसरीवर आली की सरांचा आठवडा सुरू व्हायचा आणि ती गेली की संपायचा. मधल्या दिवसांत ते फक्त वाट बघत.

"आहे का म्हणजे?" सर म्हणाले. "धड्यांच्या पाठांतराला तालुक्यात दरसाल पहिला यायचा तो. एकूण एक रेकॉर्ड करून ठेवलंय मी."

सरांच्या पत्नी शालनबाईंनी तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "त्याचा आवाज घेऊन काय करायलीस?"

मग ऋतुजाने सांगितलं. शर्वीला टाळीचा खेळ जमत नव्हता. बालवाडीत बाई म्हणत, "ससा, मासा, आणखी काय?" आणि बाकीची पोरं "ठसा, फासा" असं काहीबाही ओरडत. शर्वी नुसती हसायची. तिला त्यातलं सारखेपण ऐकूच येत नव्हतं. बाईंनी तिला तपासणी केंद्रात पाठवलं, तिथे तिची स्वरवेधावर तपासणी झाली आणि निकाल आला, 'शक्यता आहे.' नुसती शक्यता.

स्वरवेध हे यंत्र एव्हाना सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपण बोलणं ऐकतो तेव्हा मेंदू त्याला ताल धरतो. समोरच्याचं एकेक अक्षर कानावर पडतं तशा मेंदूतल्या लहरी त्याच्याबरोबर उठतात आणि बसतात, भजनात टाळ मृदंगाबरोबर चालतो तशा. काही माणसांत हा टाळ किंचित मागे पडतो. इतका किंचित की ऐकण्यात, बोलण्यात, समजण्यात काही उणं राहत नाही. पण शब्द फोडून त्याचे सुटे आवाज करायचे आणि एकेका आवाजाला कागदावरचं एकेक अक्षर जोडायचं म्हटलं की गाडी अडते. डिस्लेक्सिया म्हणतात तो हाच. बुद्धीशी त्याचं काही देणंघेणं नाही, आणि तो बरेचदा रक्तातून पुढे येतो.

पूर्वी हे ठरवायला तास न् तास चाचण्या घ्याव्या लागत. मोठी माणसं तर त्यांतूनही निसटत, कारण आयुष्यभरात त्यांनी आपापल्या पळवाटा पक्क्या केलेल्या असत. स्वरवेधाने ती सोय बंद केली. टाळ मागे पडण्याची खूण माणसाच्या आवाजातही उतरते, अक्षरावरून अक्षरावर जाताना. नुसत्या बोलण्यात ती पुसट असते, नवा मजकूर मोठ्याने वाचला की स्पष्ट दिसते. चार ओळी पुरतात, आणि त्या जिवंत माणसाने वाचल्या की मेलेल्याने, यंत्राला फरक पडत नाही. पोरांपेक्षा मोठ्यांचीच रांग वाढली. साठी उलटलेले लोक नातवंडाचं बोट धरून यायचे आणि स्वतःचाच निकाल घेऊन जायचे. त्यावर कुणी पेढे वाटले, तर कुणी लहानपणी 'ढ' म्हणून हिणवणाऱ्या थोरल्या भावाशी कायमचं बोलणं टाकलं.

शर्वीसारख्या लेकरांसाठी सरकारने वेगळे वर्ग काढले होते. लोक त्यांना कानशाळा म्हणत. तिथे अक्षरांच्या आधी ताल शिकवत, टाळ्या, झोके, ढोलकी. पाचव्या वर्षाच्या आत हे केलं तर मागे पडलेला टाळ बराचसा जुळतो. नंतर मेंदू हट्टी होतो. जागा थोड्या असल्यामुळे शक्यतेवर प्रवेश मिळत नसे. मूल वाचायच्या वयाचं नसेल तर आईचा किंवा वडिलांचा आवाज त्याच्याशी ताडून बघत. ऋतुजाचा आवाज स्वच्छ निघाला होता.

"सुमेधचा लागेल," ती म्हणाली. "माझ्याकडे आहेत ते लग्नातले, वाढदिवसाचे. नुसता गोंगाट."

"देतो की," सर म्हणाले. "पण सुमेधला असलं काही नव्हतं हां. कंटाळा होता नुसता. शंभर शंभर ओळी ज्याला तोंडपाठ, त्याला वाचता येत नव्हतं म्हणणार का तुमचं यंत्र?"

खरं तर याच एका गोष्टीवर बापलेकाचं आयुष्यभर बिनसलं होतं. माणिकराव ढगे मराठीचे शिक्षक, जिल्ह्यात नाव असलेले. त्यांचा मुलगा व्यासपीठावर उभा राहिला की सभा गार व्हायची, आणि तोच मुलगा परीक्षेत कागद कोरा ठेवून यायचा. लिहिलं तर असं लिहायचा की तपासणाऱ्याला वाटावं, कोंबडी शाईत पाय बुडवून चालली. वाचता येत नसेल हे सरांच्या मनात आलं नाही. कसं येणार? आपल्याकडे ज्याला पाठ आहे त्याला येतं, असंच धरून चालतात. म्हणजे पोरगं मुद्दाम करतं, बापाचं नाक कापायला करतं, असा सरांनी हिशेब केला आणि तो छडीने वसूल केला. नववीनंतर सुमेधने शाळा सोडली आणि पंपाच्या मोटारी बांधणाऱ्या एका दुकानात जाऊन बसला. पुढे त्याचं स्वतःचं दुकान झालं, लग्न झालं, मुलगी झाली. बापाला त्याने कधी उलट उत्तर दिलं नाही. तसं काहीच दिलं नाही.

*

केंद्रातल्या तपासनीस डॉक्टर तबस्सुम मुजावर सोलापूरच्याच होत्या. सरांनी एक जुना मोबाइल टेबलावर ठेवला. त्यातलं नखाएवढं कार्ड चालावं म्हणूनच त्यांनी तो जपला होता. डॉक्टरांनी तो यंत्राला जोडला.

खोलीत दहा वर्षांचा सुमेध बोलायला लागला. खणखणीत, न अडखळता. ऋतुजाने हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि ती भिंतीकडे बघत राहिली. सरांची मान मात्र ताठ होती.

डॉक्टरांनी एकेक करत सगळे उतारे लावले. मग त्या म्हणाल्या, "सर, याचा उपयोग नाही. हे वाचन नाही, पाठ आहे. पाठ म्हणताना मेंदू वेगळ्या वाटेने जातो, तिथे टाळ मागे पडत नाही."

"पाठ करायला आधी वाचावं लागतंच ना?"

"यानं वाचून पाठ केलेलं नाही, ऐकून केलंय. हे बघा, इथे वाक्य संपत नाही तरी तो थांबतो. इथे परत. श्वास त्याचा नाही. कुणीतरी त्याला वाचून दाखवलंय, आणि तो त्या माणसाच्या श्वासासकट शिकलाय. कोण वाचायचं?"

"कुणी नाही," सर म्हणाले. आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं.

"न पाहिलेला मजकूर तो वाचतोय, असं काही आहे का? चार ओळी चालतील."

सरांनी मोबाइल यंत्रापासून सोडवून खिशात घातला.

"नाही," ते म्हणाले.

हे मात्र खरं नव्हतं.

*

"दिलं नाही ना तुम्ही ते?" दारात चपला काढायच्या आत शालनबाईंनी विचारलं.

सरांनी मोबाइल कोनाड्यात ठेवला. त्या कार्डात एक तुकडा होता. सुमेध पाचवीत होता तेव्हाचा. सर वरच्या वर्गांना शिकवत. एका दुपारी त्यांनी सहावीचं पुस्तक उघडून माळढोक पक्ष्याचा धडा त्याच्यापुढे टाकला होता आणि मोबाइल चालू ठेवला होता. तू कसा वाचतोस ते तुझं तूच ऐक, लाज वाटेल, असा त्यांचा बेत होता. शेवटी त्यांनी पोराला मारलं. एक थोबाडीत नाही, हात दुखेपर्यंत. ते सगळं त्या तुकड्यात होतं.

पुसून टाकावा असं त्यांना कितीदा तरी वाटलं होतं. पण त्यात सुमेध एकदा "बाबा" म्हणतो. पुढे शाळा सोडल्यावर त्याने ही हाकही सोडली. काही हवं असलं की नुसता समोर येऊन उभा राहायचा. म्हणून सरांनी तो तुकडा पुसला नाही आणि परत ऐकलाही नाही.

"केंद्राचा नियम आहे," ते म्हणाले. "मुलाच्या पालकासमोरच लावतात. ऋतुजा बसलेली असणार तिथे."

"असू दे की."

"ऐकल्यावर ती पाठवेल का पोरीला इथं? तू पाठवली असतीस? माझा रविवार जाईल, शालन."

शालनबाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी चुलीपाशी होते. सगळं ऐकू येत होतं, पर बाहेर आले नाही. सर माणूस आहे, त्याला कळतंय, म्हटलं. ते माझं मी बघून घेईन. पर तुमच्या रविवारापायी त्या लेकराचं उभं आयुष्य घालवायलाव काय? एकाचं घातलं तेवढं पुरे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई आपल्याला असं काही बोलेल असं सरांना कधी वाटलं नव्हतं. ते आत जाऊन पलंगावर बसले. त्यांना राग आला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

*

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तो तुकडा लावायच्या आधीच सरांनी ऋतुजाला सांगून टाकलं, "यात मी त्याला मारलंय."

"बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा बदलला नाही, पण शर्वीला तिने बाहेर आयाबाईंकडे नेऊन बसवलं.

खरखर झाली. लांब कुठेतरी गिरणीचा पट्टा चालल्याचा आवाज आला. मग तो खणखणीत आवाजाचा मुलगा आला, पण हा दुसराच कुणीतरी वाटत होता.

"मा... माळ... ढो..."

"पुन्हा. पहिल्यापासून."

"माळ... ढो... क... हा मा..."

"पुन्हा. पहिल्यापासून."

असं किती तरी वेळा. सरांना आपला आवाज ऐकवेना. शेवटी मुलगा थांबला. त्याच्या आवाजात रडणं नव्हतं. काही तरी समजावून सांगावं तसा तो म्हणाला, "बाबा, आधी तुम्ही वाचा, मग मी वाचतो."

आता थोबाडीत बसणार, म्हणून सरांनी डोळे मिटले. उलट बोलला म्हणून मारलं, असंच त्यांच्या लक्षात होतं. तसंच ते स्वतःला सांगत आले होते.

पण थोबाडीत बसली नाही. पुस्तक ओढून घेतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सरांचा. "बघ, असं वाचायचं असतं. माळढोक हा माळ... माळरा... माळरानावर राहणारा... हा..." मग एक क्षण सगळं शांत. आणि त्या शांततेनंतर पहिला फटका.

पुढचं डॉक्टरांनी लावलं नाही. हवं होतं तेवढं मिळालं होतं.

सर डोळे उघडून पडद्याकडे बघत होते. उलट बोलला म्हणून नव्हतं मारलं तर. मारलं ते स्वतः अडखळलो म्हणून. पोराने ते ऐकलं म्हणून. मधला तो तुकडा ते इतकी वर्षं विसरून गेले होते, किंवा त्यांनी तो विसरायचं ठरवलं होतं.

"शर्वीचं काम झालं," डॉक्टर म्हणाल्या. "वडिलांची खूण अगदी स्पष्ट आहे. तिला जागा मिळेल." मग त्या सरांकडे वळल्या. "सर, यंत्र एकाच आवाजाचा निकाल देत नाही. जेवढे आवाज असतील तेवढ्यांचा देतं. दुसरा ऐकायचा की नाही, ते तुमच्यावर आहे. नको म्हणालात तर मी पुसून टाकीन."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण सरांना आता काही झाकायचं राहिलं नव्हतं.

"सांगा."

"तुम्हालाही आहे. सुमेधइतका तीव्र नाही, पण आहे."

"मी मराठीचा शिक्षक होतो हो," सर म्हणाले. चिडून नाही, चूक झाली असेल तर दाखवून द्यावी तसे. "मला वाचता येतं. लहानपणी नव्हतं येत. आमच्या वडिलांनी वेताने फोडून काढलं, मग आलं."

"मारामुळे नाही आलं, सर. घोकून घोकून तुम्ही आणलंत. न वाचलेला धडा कधी वर्गात उघडलात?"

उद्याचा धडा आदल्या संध्याकाळी चार-चारदा मोठ्याने वाचल्याशिवाय ते कधी वर्गात गेले नव्हते. शाळेत परिपत्रक आलं की चष्मा शोधायच्या निमित्ताने ते दुसऱ्याच्या हातात द्यायचे. याला ते तयारी म्हणत. सगळं गाव म्हणत असे. ढगे सर तयारीशिवाय वर्गावर जात नाहीत, असं निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापकसुद्धा म्हणाले होते.

"संध्याकाळी वाचायचो," ते म्हणाले. "ओसरीवर. मोठ्यानं."

"आणि सुमेध कुठे असायचा?"

उत्तर ऋतुजाने दिलं.

"तिथंच," ती म्हणाली. "खांबाला टेकून. तो सांगायचा मला. बाबा धडा वाचायला बसले की खेळ टाकून यायचा म्हणे. बाबांसारखा आवाज कुणाचाच नाही म्हणायचा. ते वाचतात तेव्हा मला सगळं कळतं, म्हणायचा."

ढगे सर रडले. ते कधी कुणासमोर रडले नव्हते, मुलाला अग्नी देतानासुद्धा नाही, त्यामुळे त्यांना ते नीट जमतही नव्हतं. ते उतारे कुणी शिकवले ते आता कळलं होतं. त्यांचाच श्वास घेऊन पोरगं व्यासपीठावर उभं राहत होतं, आणि ते खाली पहिल्या रांगेत बसून, हा वाचत का नाही म्हणून दात खात होते. शब्द फोडता न येणारी दोन माणसं एका ओसरीवर रोज संध्याकाळी एकत्र बसत होती. थोरल्याने धाकट्याला एकदा जवळ घेऊन, मलाही असंच होतं रे, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण थोरल्यालाच ते माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि त्या बाहेर निघून गेल्या.

*

ऋतुजा त्यांना बसस्थानकापर्यंत सोडायला आली. शर्वी आजोबांचं बोट धरून चालत होती आणि दुकानांच्या पाट्यांवरची चित्रं ओळखत होती. बार्शीची गाडी लागली तेव्हा सरांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवू की नको, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"बाबा," ऋतुजा म्हणाली, "मला ते ऐकल्यावर तुमचा राग आलाय. तो जाईल का नाही, मला माहीत नाही."

"जाऊ देऊ नकोस," सर म्हणाले.

"रविवारी आणते तिला. पण शिकवायचं नाही. 'पुन्हा, पहिल्यापासून' असलं काही तिच्या कानावर पडता कामा नये. नुसतं वाचून दाखवा. तुम्ही वाचायचं, तिनं ऐकायचं."

सरांनी मान डोलावली. गाडी सुटल्यावर ते बराच वेळ खिडकीतून मागे बघत राहिले.

*

घरी आल्यावर त्यांनी कपाट उपसलं. जुनी क्रमिक पुस्तकं त्यांनी टाकली नव्हती. सहावीचं सापडायला वेळ लागला. त्याची पानं पिवळी पडली होती. माळढोकाच्या धड्याचं पान एका बाजूने फाटलं होतं, ते ओढून घेतलं तेव्हाचंच असेल.

दिवेलागणीची वेळ होती. ते ओसरीवर त्यांच्या जुन्या जागी बसले, समोर मोबाइल ठेवला, आणि तो तुकडा लावला. "मा... माळ..." त्यांनी ऐकून घेतलं. "पुन्हा" आलं, तेही ऐकून घेतलं. मग खांबाकडून यावा तसा तो आवाज आला.

"बाबा, आधी तुम्ही वाचा, मग मी वाचतो."

सरांनी तिथेच बंद केलं आणि पुस्तक उघडलं. त्यांनी तो धडा आधी घोकला नव्हता. "माळढोक हा माळरा... माळ... रानावर राहणारा मोठा पक्षी आहे," त्यांनी वाचलं. पुढच्या ओळीतही अडखळले, त्याच्या पुढच्याही. ज्या आवाजाला अख्खा तालुका मान द्यायचा तो आवाज पहिलीतल्या मुलासारखा एकेक अक्षर चाचपत चालला होता. अडखळले की ते थांबत, श्वास घेत आणि पुढे जात. मागे जाऊन पहिल्यापासून त्यांनी एकदाही सुरू केलं नाही. पक्षी उडाला, गवतात उतरला, त्याने अंडं घातलं, आणि अंधार पडता पडता धडा संपला.

शालनबाई केव्हाच बाहेर येऊन खांबाशी बसल्या होत्या.

"झालं का वाचून?" त्यांनी विचारलं.

"माझं झालं," सर म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटलं नाही, फक्त खांबाच्या बाजूला सरकवून ठेवलं. "आता त्याची पाळी."

मग ती दोघं तिथेच बसून राहिली.